‘सापडलं नाही’ याचा अर्थ काय? : जुन्या मराठी कागदांतला शोध आणि अक्षरांवरच्या खुणा

या टिपणाची सुरुवात एका दुरुस्तीनं करावी लागते आहे. गेल्या वर्षी मंडळाच्या बैठकीत मी एक निबंध वाचला होता. बडोद्यातल्या एका जुन्या घराण्याच्या खासगी मोडी कागदांवर तो आधारलेला होता. मंडळातल्या मोडी जाणकारांनी हे कागद काही वर्षं खपून देवनागरीत उतरवले आणि ते संगणकावर आणायचं काम माझ्याकडे आलं. निबंधात मी एक विधान मोठ्या खात्रीनं केलं होतं. गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरास खून झाला, पण या घराण्याच्या त्या काळच्या पत्रांत शास्त्र्यांचा नामोल्लेखसुद्धा नाही, असं ते विधान होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी त्या मौनाचं कारणही देऊन टाकलं. शास्त्री गायकवाडांच्या वतीनं, इंग्रजांच्या हमीवर, पेशव्यांशी असलेल्या जुन्या हिशेबांचा आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचा प्रश्न सोडवायला गेले होते. खुनाचा संशय बाजीरावांच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला. इंग्रजांनी त्यांना ताब्यात घेऊन ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं, तिथून ते १८१६ मध्ये निसटले आणि दोनच वर्षांत पेशवाई संपली. अशा दिवसांत बडोद्याचं एक सावकारी घराणं शास्त्र्यांचं नाव कागदावर आणायलाही भीत होतं, असा माझा निष्कर्ष. बैठकीत तो बऱ्याच जणांना पटला. मलाही तो फार आवडला होता, हे कबूल केलं पाहिजे.

पुढच्या महिन्यात आमच्या मंडळातल्या मोडी वाचणाऱ्या काकूंचा फोन आला. मूळ रुमाल त्यांनी दुसऱ्याच कामासाठी सोडला होता. म्हणाल्या, “अहो, तुमचे शास्त्री आहेत की इथे. डोक्यावर टिंब नाहीये, इतकंच.”

मग आम्ही दोघांनी मिळून त्या दोन-तीन वर्षांची पत्रं डोळ्यांनी वाचून काढली. शास्त्र्यांचा उल्लेख एकूण तीन ठिकाणी निघाला. पत्रांत खुनाबद्दल नवीन माहिती काहीच नाही, पण ‘मौन’ या शब्दावर उभा केलेला माझा निबंध मात्र तिथेच कोसळला. तो मी मागे घेतो आहे. तसं का झालं, हे नीट मांडायला हे टिपण. कारण माझ्यासारखी संगणकात शोधून ‘अमुक कागदांत तमुक नाही’ असं लिहिणारी मंडळी आता वाढत जाणार आहेत.

तीन उल्लेख, तीन कारणं

मी शोधलं होतं ‘गंगाधर’. उत्तर आलं : शून्य. नुसतं ‘शास्त्री’ असं शोधलं तेव्हा भली मोठी यादी आली, कारण घराण्यात दक्षिणा घेणारे शास्त्री पुष्कळ. तिची पहिली दोन पानं चाळली आणि कंटाळून सोडून दिली. हा दोष यंत्राचा नाही, माझा.

पहिला उल्लेख ‘गगाधरशास्त्री’ असा होता. मूळ मोडी कागदावर अनुस्वार नाही आणि आमच्या जाणकारांनी जसं आहे तसंच उतरवलं. दुसरा ‘गङ्गाधर शास्त्री’ असा होता. ते पान उतरवणारे गृहस्थ संस्कृतचे निवृत्त शिक्षक, त्यांनी सवयीनं परसवर्ण लिहिला. तिसऱ्या ठिकाणी नुसतं ‘शास्त्रीबावा’ आहे, आणि मजकुराच्या ओघावरून ते हेच शास्त्री, यात शंका राहत नाही.

माणसाच्या डोळ्याला गंगाधर, गगाधर आणि गङ्गाधर ही एकच व्यक्ती. संगणकाला ही तीन वेगळी नावं. तो अक्षरं वाचत नाही, प्रत्येक चिन्हाला दिलेला आकडा दुसऱ्या आकड्याशी जुळतो का, एवढंच पाहतो. ‘गंगाधर’मध्ये ग, अनुस्वार, ग, काना, ध, र असे सहा आकडे आहेत. ‘गगाधर’मध्ये पाचच आहेत. जुळत नाही, म्हणून ‘नाही’.

एका टिंबाचे तीन काळ

हा घोटाळा एखाद्या लेखनिकाच्या हलगर्जीपणाचा असता तर त्यावर निबंध लिहायची गरज नव्हती. पण अक्षराच्या डोक्यावरच्या या टिंबाचा स्वतःचा इतिहास आहे, आणि आपल्या मंडळाकडे जमलेल्या कागदांत त्याचे तिन्ही काळ एकत्र येतात.

पहिला काळ मोडीचा. मोडी ही भरभर लिहायची लिपी. आधी शिरोरेघ आखून घ्यायची आणि मग हात फारसा न उचलता तिच्याखाली लिहीत जायचं. शब्दांमध्ये मोकळी जागा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद व्यवहारात पाळला जात नाही, वेलांटी आणि उकार साधारणपणे एकेकाच वळणाचे. अनुस्वार देण्यासाठी हात उचलावा लागतो, त्यामुळे तो पुष्कळदा गळतो. वाचणाराही त्याच रिवाजातला असल्यानं त्याचं अडत नसे. म्हणजे १८१५ च्या पत्रातलं ‘गगाधर’ हे त्या लिपीच्या चालीला धरूनच आहे.

दुसरा काळ छपाईचा. एकोणिसाव्या शतकात देवनागरी मुद्रण आणि व्याकरणाची पुस्तकं आली आणि टिंबांची संख्या एकदम वाढली. नांव, कांहीं, नाहीं, तेथें, घरें, त्यानें, केलें. उच्चारात नसलेले पण व्युत्पत्तीनं किंवा व्याकरणानं सिद्ध होणारे हे अनुस्वार. जुन्या छापील पुस्तकांत आपल्या गावाचं नाव ‘बडोदें’ असं दिसतं, ते यामुळेच. ‘नाव’ असं शोधाल तर ‘नांव’ सापडणार नाही, ‘काही’ शोधाल तर ‘कांहीं’ सापडणार नाही.

तिसरा काळ १९६२ नंतरचा. मराठी साहित्य महामंडळानं तयार केलेले शुद्धलेखनाचे १४ नियम महाराष्ट्र शासनानं त्या वर्षी स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी ४ नियमांची भर पडली. अनुच्चारित अनुस्वार गेले. ‘कवि’, ‘मति’ यांचे शेवटचे इकार दीर्घ झाले. पण हे नियम महाराष्ट्राच्या शाळा-कचेऱ्यांसाठी होते. आपल्याकडे बडोद्यात, आणि मला वाटतं इंदूर-ग्वाल्हेरकडेही, जुनी पिढी पुढे कितीतरी वर्षं ‘नाहीं’ आणि ‘कांहीं’ लिहीत राहिली. माझ्या आजोबांच्या १९७० नंतरच्या पत्रांत टिंबं जशीच्या तशी आहेत, वडिलांच्या पत्रांत निम्मी आहेत आणि माझ्या पत्रांत नाहीत.

म्हणजे एकाच घराच्या कागदांत एकच शब्द आधी टिंबाशिवाय, मग टिंबांसह, मग पुन्हा टिंबाशिवाय. संगणकाच्या शोधाला यातलं काहीही ठाऊक नाही.

इंजिनिअरचा पहिला उपाय, आणि तो का फसला

काकूंच्या फोननंतर मी ताबडतोब इंजिनिअरसारखा वागलो. म्हटलं, यात काय कठीण आहे? युरोपातल्या भाषांचा हाच प्रश्न होता आणि तो केव्हाच सुटला आहे. फ्रेंचमध्ये अक्षरांवर तिरक्या रेघा आहेत, पोर्तुगीजमध्ये लाटेसारखी खूण आहे, ‘सी’खाली शेपटी आहे. शोधणारा माणूस त्या खुणा टंकत बसत नाही. म्हणून तयार रीत अशी : प्रत्येक अक्षराचे मूळ अक्षर आणि खूण असे दोन तुकडे करायचे, ‘खूण’ या वर्गातलं सगळं टाकून द्यायचं आणि उरलेलं जुळवायचं. डेटाबेसमध्ये त्यासाठी ‘ॲक्सेंट विसरा’ अशी सोय असते, प्रोग्राममध्ये दोन-तीन ओळींत काम होतं. मी त्या तीन ओळी लिहिल्या आणि सगळ्या कागदांवरून फिरवल्या.

‘गंगाधर’ सापडले. मी खूश झालो. मग शेजारच्या ओळींकडे लक्ष गेलं.

‘पुणे’चं झालं होतं ‘पण’. ‘पेशवे’ झाले होते ‘पशव’. ‘शिंदे’ उरले होते ‘शिद’ एवढे. होळकर, गायकवाड आणि पवार मात्र जसेच्या तसे शाबूत! मराठेशाहीतला हा पक्षपात कुठून आला, म्हणून मी शोधायला बसलो. उत्तर गमतीचं आहे आणि महत्त्वाचंही.

युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाचा वर्ग ठरलेला असतो. वर टाकून दिलेला वर्ग आहे ‘स्वतःची जागा न घेणारी खूण’. म्हणजे जी खूण ओळीत पुढे सरकत नाही, अक्षराच्या वर किंवा खाली बसते, ती. लॅटिन लिपीत या व्याख्येत नेमके ॲक्सेंट येतात. देवनागरीत मात्र त्यात अनुस्वार येतो, चंद्रबिंदू येतो, नुक्ता येतो, आणि त्याबरोबर उकार, एका मात्रेचा ‘ए’, दोन मात्रांचा ‘ऐ’, ऋकार आणि पाय मोडायची खूण हेही येतात. काना, वेलांट्या, ओकार आणि औकार बाजूला जागा घेतात, म्हणून ते दुसऱ्या वर्गात जातात आणि वाचतात. होळकरांचा ओकार जागा घेणारा, गायकवाडांचे दोन्ही काने जागा घेणारे, म्हणून ते तरले. शिंद्यांचा अनुस्वार आणि मात्रा डोक्यावर, म्हणून ते कापले गेले. हा वर्ग खूण कागदावर कुठे बसते यावरून ठरलेला आहे. ती भाषेत काय काम करते, याच्याशी त्याचा संबंध नाही.

सगळ्यात वाईट उदाहरण पुढे आलं. ‘पुत्र’ आणि ‘पत्र’. पहिल्याचा उकार गेला, दोघांच्याही ‘त’चा मोडलेला पाय सरळ झाला, आणि दोन्ही शब्द ‘पतर’ झाले. बडोद्याच्या इतिहासात दत्तक पुत्र हा केवढा मोठा विषय! १८७५ मध्ये जमनाबाईंनी गोपाळरावांना दत्तक घेतलं आणि ते सयाजीराव झाले. अशा गावातल्या कागदांत ‘पुत्र’ शोधावं आणि हाती यावं प्रत्येक ‘पत्र मिळालें’!

पहिल्या चुकीत असलेला माणूस दिसेनासा झाला होता. या दुसऱ्या चुकीत नसलेली माणसं दिसायला लागली. इतिहास लिहिणाऱ्याला दोन्ही सारख्याच घातक.

खरं तर ही रीत लॅटिन लिपीतही सरसकट चालत नाही. जर्मन शब्दकोश ‘ओ’वर दोन टिंबं असलेलं अक्षर साध्या ‘ओ’सारखं धरतात, तर नावांच्या याद्यांमध्ये, उदाहरणार्थ टेलिफोनच्या, त्याला ‘ओ’ आणि ‘ई’ अशा दोन अक्षरांसारखं धरायची रीत आहे. तेच अक्षर स्वीडिश भाषेत वर्णमालेच्या अगदी शेवटी येणारं स्वतंत्र अक्षर आहे. खूण तीच, पण विसरायची की नाही हे ती भाषा ठरवते. मग मराठीसाठी ते मराठीच्या इतिहासानं ठरवायला हवं.

कोणती खूण विसरायची?

तेव्हा मी तयार रीत सोडून दिली आणि काकूंबरोबर बसून एकेका खुणेचा निवाडा केला. प्रत्येक खुणेला दोन प्रश्न विचारले. आपल्या कागदांच्या काळात ही खूण लिहिणाऱ्यागणिक बदलत होती का? आणि ती विसरली तर काय गमावू?

पहिला गट अदृश्य फरकांचा. हे फरक लेखनिकानं केलेले नाहीत, संगणकानंच आणले. ‘ऱ्य’ पडद्यावर एकसारखा दिसतो, पण तो दोन प्रकारे साठवता येतो : एकदा ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडून, आणि एकदा साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवून. ‘ॲ’ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र चढवत, आजही काही कळफलक तसंच करतात. आमचे सुरुवातीचे निबंध जुन्या फॉन्टांत टंकलेले होते. ते युनिकोडमध्ये आणताना हे सगळे प्रकार मिसळून आले. हा गट निर्धास्तपणे एकरूप करावा. यात अर्थाचा कणही जात नाही.

दुसरा गट परसवर्णाचा. गङ्गाधर-गंगाधर, पण्डित-पंडित, आनन्दराव-आनंदराव. हा निव्वळ लेखनाच्या पसंतीचा भाग. ङ्, ञ्, ण्, न्, म् यांच्यापुढे त्यांच्याच वर्गातलं अक्षर आलं तर त्यांचा अनुस्वार करायचा. यातही नुकसान जवळजवळ नाही.

तिसरा गट खुद्द अनुस्वाराचा, आणि इथून किंमत मोजावी लागते. मोडी कागदांसाठी तो विसरायलाच हवा, नाहीतर शास्त्री सापडत नाहीत. पण तो विसरला की ‘पंत’ आणि ‘पत’ एक होतात, ‘वंश’ आणि ‘वश’ एक होतात. सावकारी कागदांत पत हा शब्द थोडाथोडका नाही. म्हणून ही सूट शोधणाऱ्यानं मागितली तरच द्यायची आणि असे निकाल यादीत खाली ठेवायचे.

चौथा गट ऱ्हस्व-दीर्घाचा. मोडी उतरवणारा माणूस वेलांटी पहिली द्यायची की दुसरी, हे स्वतःच्या समजुतीनं ठरवतो. म्हणून आमच्याकडे ‘पिलाजी’ही आहेत आणि ‘पीलाजी’ही. मुळात जो भेद कागदावर नव्हताच, तो शोधात ठेवून काय साधणार? तो विसरावा. मात्र ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा हे एकत्र येतील, याची तयारी ठेवावी.

पाचवा गट नुक्त्याचा. मराठीत तो सहसा लिहीत नाहीत, पण हिंदी किंवा उर्दू वळणानं लिहिलेल्या नावांत ‘ग़ुलाम’, ‘नज़र’ असा येतो. तो खुशाल विसरावा. फक्त एक गोष्ट सांभाळायची. युनिकोडच्या हिशेबानं आपला ‘ऱ’ म्हणजे ‘र’ आणि नुक्ता. नुक्ता काढला की ‘ऱ’चा ‘र’ होतो. मग आचाऱ्याला दिलेला पगार आणि आचार्याला दिलेली दक्षिणा एकाच यादीत येतात. स्वयंपाकघर आणि पाठशाळा एकत्र आल्यावर काकू हसल्या, पण मी ‘ऱ’ अपवाद म्हणून ठेवला.

आणि उकार-मात्रा? त्या अक्षराचा भागच आहेत. कोणत्याही काळात लेखनिकानं त्या ऐच्छिक मानलेल्या नाहीत. त्या विसरायच्या नाहीत. तयार रीतीनं नेमक्या त्याच पहिल्यांदा टाकल्या होत्या.

शेवटी मोकळ्या जागेचा प्रश्न उरतो. मोडीत शब्द तुटत नाहीत, ते उतरवणारा तोडतो. त्यामुळे गंगाधरशास्त्री आणि गंगाधर शास्त्री, सेनाखासखेल आणि सेना खास खेल, हे एकच धरायचे.

मूळ कागदाला हात लावायचा नाही

हे चाललं असताना मंडळात एक सूचना आली. एवढा खटाटोप कशाला, सगळे उतारे आजच्या शुद्धलेखनात सुधारून टाकू या, मग शोध आपोआप लागेल. सूचना प्रामाणिक होती आणि श्रम वाचवणारी होती. तरी तिला मी विरोध केला आणि पुढेही करीन.

जुन्या छापील मराठीत ‘नांव’ म्हणजे माणसाचं नाव आणि ‘नाव’ म्हणजे होडी. आज दोन्ही एकाच तऱ्हेनं लिहितो आणि संदर्भानं ओळखतो. नर्मदा उतरायच्या खर्चाच्या यादीत ‘नाव’ आली तर ती होडीच, हे त्या टिंबाच्या नसण्यानं सांगितलेलं असतं. ‘तें आलें’ म्हणजे एखादं मूल किंवा पत्र आलं, ‘ते आले’ म्हणजे पुरुष आले. टिंब काढलं की कोण आलं, हेच कळेनासं होतं. शिवाय कोणता लेखनिक टिंबं देतो आणि कोणता देत नाही, कोण ‘श’च्या जागी ‘स’ लिहितो, यावरून तारीख नसलेल्या कागदाचा हात आणि काळ ओळखायला मदत होते. सुधारलेल्या उताऱ्यात हा पुरावा उरतच नाही.

आपल्या बडोद्याशी जोडलेली एक आठवण इथे सांगण्यासारखी आहे. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ पासून पस्तीसहून अधिक वर्षं सयाजीरावांच्या चाकरीत होते. रियासतीची सुरुवात इथेच झाली. पुढे त्यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले. त्याआधी १८९८ मध्ये राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड काढला होता. त्या काळी ग्रंथाची सूची माणूस हातानं करत असे आणि सूची करणाऱ्याच्या डोक्यातच हा सगळा विसर-नियम असायचा. तो ‘शिंदे’खाली ‘सिंदे’ही बसवायचा आणि शंका असेल तिथे ‘पाहा’ म्हणून दुसरीकडे बोट दाखवायचा. मूळ मजकूर तसाच राहायचा, सोय व्हायची ती सूचीत.

आम्ही तेच संगणकात केलं. प्रत्येक ओळीच्या दोन प्रती ठेवल्या. पहिली मूळची, काना-मात्रेचाही बदल न केलेली. दुसरी फक्त यंत्रासाठी, वरच्या नियमांनी खुणा गाळून केलेली, तिला आम्ही ‘शोधरूप’ म्हणतो. शोधणारा काहीही टंको, त्याच्या शब्दाचंही शोधरूप करायचं, दोन शोधरूपं जुळवायची आणि निकाल दाखवताना मूळ ओळ दाखवायची. तंतोतंत जुळलेलं वर, खुणा विसरून जुळलेलं खाली, आणि शेजारी कोणती खूण विसरली ते लिहिलेलं. शोधरूप कोणी वाचायचं नसतं, आणि नियम बदलले तर ते पुसून पुन्हा करता येतं. मूळ प्रत एकदा सुधारली की ती परत मिळत नाही.

यंत्राची हद्द

आता ‘गंगाधर’ टंकलं की पहिले दोन्ही उल्लेख येतात. तिसरा येत नाही, येणारही नाही. ‘शास्त्रीबावा’ म्हणजे कोण, हे कोणत्याही खुणेत नाही, ते पत्राच्या मजकुरात आहे.

त्रिंबकजी डेंगळ्यांचंच घ्या. काही जण ‘त्र्यंबकजी’ लिहितात. हा फरक वेलांटीचा किंवा टिंबाचा नाही, अक्षरंच वेगळी आहेत. फत्तेसिंग, फतेसिंग, फत्तेसिंह यांचंही तसंच. इंग्रजी कागदांत तर गायकवाडांचं ‘गायकवार’ होतं, ‘ग्विकोवार’ही होतं. रोमन लिपीत पंडितांनी वर रेघा आणि खाली टिंबं देऊन आपले उच्चार नेमके बांधायची पद्धत बसवली, जिनिव्हाच्या १८९४ च्या प्राच्यविद्या परिषदेनं त्यातली एक मान्यही केली. पण शोधासाठी त्या खुणा काढल्या की राम, रमा आणि रामा ही तिन्ही नावं एकच होतात.

आवाजावरून नावं जुळवायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यानं १९१८ मध्ये आडनावांना उच्चारावरून सांकेतिक क्रमांक द्यायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. साउंडेक्स या नावानं ती ओळखली जाते. पुढे तिथल्या जुन्या जनगणनांच्या सूच्या तिच्यावर केल्या गेल्या. आम्हीही श-ष-स, न-ण आणि ल-ळ यांना एकेक गट देऊन एक ‘सैल शोध’ करून पाहिला. उपयोग होतो, पण जाळं जितकं सैल तितका गाळ जास्त. तिथे ‘पाहा’ लिहिणारा माणूसच लागतो. म्हणून आम्ही नावांची एक वही सुरू केली आहे : त्र्यंबकजी – त्रिंबकजी पाहा, शास्त्रीबावा – गंगाधरशास्त्री पाहा, असं पत्राच्या तारखेसह. वही संगणकावरच आहे, पण भरतात माणसं.

एक विनंती

इतिहासात ‘आहे’ असं म्हणायला एक कागद पुरतो. ‘नाही’ म्हणायला सगळे कागद वाचावे लागतात. पूर्वी ‘या दप्तरात उल्लेख नाही’ असं कोणी लिहिलं की त्यानं ते दप्तर पानापानानं पाहिलेलं असायचं. आज तेच वाक्य मी एका शब्दाच्या शोधावर, अर्ध्या मिनिटात लिहिलं, आणि वाचणाऱ्यांनी त्याला जुन्याच वाक्याचं वजन दिलं. चूक या ठिकाणी आहे. टिंब हे निमित्त.

म्हणून मंडळाच्या सभासदांना एक विनंती. यापुढे कोणत्याही निबंधात एखादी गोष्ट कागदांत ‘नाही’ असं म्हणायचं असेल, तर त्याखाली दोन ओळी लिहाव्यात. कोणते शब्द शोधले, कोणत्या खुणा विसरून शोधले, आणि त्यातली किती पानं डोळ्यांनी वाचली. डोळ्यांनी काहीच वाचलं नसेल तर ‘उल्लेख नाही’ असं न लिहिता ‘मला सापडला नाही’ असं लिहावं.

माझ्या गेल्या वर्षीच्या निबंधाला ही पट्टी लावली तर त्या दोन ओळी अशा झाल्या असत्या : ‘गंगाधर’ हा एक शब्द, कोणतीही खूण न विसरता, आणि डोळ्यांनी वाचलेली पत्रं शून्य. एवढं लिहिलं असतं तर मौनाचा तो सिद्धांत बैठकीत कोणी ऐकूनही घेतला नसता, आणि ते बरंच झालं असतं.

काकू सध्या त्याच रुमालातला पुढचा गठ्ठा वाचत आहेत. परवा त्यांनी ‘गगाधर’ असलेलं पान पुन्हा काढून दाखवलं. मी विचारलं, उताऱ्यात कंसात अनुस्वार घालून ठेवू का, म्हणजे पुढच्या माणसाची चूक होणार नाही? त्या म्हणाल्या, “नको. त्यानं दिला नाही, तर आपण कोण देणार? तुमच्या त्या दुसऱ्या प्रतीत काय करायचं ते करा.”

तसंच केलं आहे.